बचतीच्या खात्यातली कमाई : पिंपरी-चिंचवडमध्ये हॉटेलचा पदार्थ घरी आला त्याची गोष्ट

स्वयंपाकघराचा इतिहास शोधणारा माणूस सहसा पाकशास्त्राची जुनी पुस्तके उघडतो. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 1875 सालचे ‘सूपशास्त्र’ किंवा लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 1910 सालचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ ही पुस्तके हाताशी असली की पुष्कळ काम होते. पिंपरी-चिंचवडच्या स्वयंपाकघराचा शोध घेताना मला मात्र पहिला उपयोग झाला तो 1948 च्या कारखाना अधिनियमाचा.

या अधिनियमाचे कलम 46 कँटीनविषयी होते. ज्या कारखान्यात सर्वसाधारणपणे अडीचशेहून अधिक कामगार असत, तिथे कँटीन सक्तीचे करणारे नियम राज्य सरकारला करता येत. इमारत कशी असावी, बसायची सोय काय असावी, कोणते पदार्थ द्यावेत, त्यांचे दर काय असावेत, व्यवस्थापन समितीत कामगारांचे प्रतिनिधी कसे असावेत, हे सारे त्या नियमांत येई. 1976 साली या कलमात एक छोटेसे उपकलम घालण्यात आले. कँटीन चालवण्याच्या खर्चातल्या कोणत्या बाबी पदार्थाचा दर ठरवताना हिशेबात धरायच्या नाहीत, आणि त्या मालकाने सोसायच्या, हेही नियमांनी सांगावे, असा त्याचा आशय होता. जागा, जळण, वीज-पाणी, भांडीकुंडी, आचाऱ्याचा आणि वाढप्याचा पगार हे सारे त्या बाबींत बसे. कामगाराच्या ताटावर किंमत लागे ती मुख्यतः शिध्याची.

हे उपकलम वाचले तेव्हा मला घरोघरी ऐकू येणारे एक वाक्य आठवले : “हॉटेलात कशाला, तेच घरी निम्म्याहून कमी पैशांत होते.” हे वाक्य खरे आहे. पण ते खरे ठरते कसे? घरचा हिशेब करतानाही आपण फक्त शिधा मोजतो. जागा, भांडी, आचारी, वाढपी, भांडी घासणारा यांपैकी काहीच धरत नाही. म्हणजे कलम 46 चे ते उपकलम घरातही लागू असते. फरक एवढाच की कायद्यात हा खर्च कोणी सोसायचा ते लिहिलेले होते, घरात ते लिहिलेले नाही.

हॉटेलचे, कँटीनचे आणि घरचे अशी तीन ताटे शेजारी ठेवून या औद्योगिक पट्ट्याचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास पाहावा, असा या लेखाचा हेतू आहे.

गावे कारखान्यांची झाली

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही पवनेच्या आणि इंद्रायणीच्या आसपासची शेतीची गावे. चिंचवडला मोरया गोसावींचे स्थान, आकुर्डीला खंडोबा; याखेरीज बाहेरच्या माणसाने मुद्दाम यावे असे फारसे काही नव्हते. 1947 नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत पिंपरीत झाली. तिला आजही लोक ‘कॅम्प’ म्हणतात. 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पिंपरीचे नाव पेनिसिलिनशी जोडले गेले. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले. आकुर्डीत बजाजची स्कूटर तयार होऊ लागली. 1966 पासून टेल्कोने इथे पाय रोवले. 1970 साली नगरपालिका, 1972 साली नवनगर विकास प्राधिकरण आणि 1982 साली महानगरपालिका हे टप्पे पाहिले की लोकसंख्या कोणत्या वेगाने वाढत होती ते कळते.

ही माणसे आली ती साताऱ्या-सांगलीहून, नगर-सोलापूरहून, मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून, कोकणातून. केरळ, कर्नाटक, पंजाब, उत्तर प्रदेश इथूनही आली. प्रत्येकाने आपापली भाकरी, आपापला मसाला आणला. एकाच चाळीत काळा मसाला, कांदा-लसूण मसाला आणि मालवणी मसाला नांदू लागले. पण सगळ्यांना समान ठाऊक असलेला पदार्थ कोणता? तो कोणाच्याच घरचा नव्हता. तो कँटीनचा किंवा हॉटेलचा होता. इडली-सांबार, बटाटावडा, मिसळ, उसळ-पाव, पुढे पावभाजी आणि पनीरची भाजी हे या नव्या शहराचे पहिले सामायिक अन्न झाले. इथल्या घरांत हॉटेलचा पदार्थ करून पाहण्याची हौस निर्माण झाली, तिच्यामागे चवीइतकाच हा शेजारही होता. हळदीकुंकवाला किंवा मुलाच्या वाढदिवसाला बोलावलेल्या पाच जिल्ह्यांच्या बायकांपुढे ठेवायचे काय, तर ज्याला कोणी परके म्हणणार नाही असे काहीतरी.

या पट्ट्यातली आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना चटकन ध्यानात येत नाही. विजेची मागणी विभागली जावी म्हणून औद्योगिक क्षेत्रांना आठवड्याच्या वेगवेगळ्या दिवशी सुट्टी देण्याची पद्धत पडली, आणि इथल्या बऱ्याच कारखान्यांच्या वाट्याला गुरुवार आला. वडिलांना सुट्टी गुरुवारी, मुलांची शाळा बंद रविवारी. सगळ्यांनी मिळून दुपारी बाहेर जेवायला जाण्याचा दिवसच कॅलेंडरात उरला नाही. पहिली, दुसरी, तिसरी पाळी आलटूनपालटून असली की संध्याकाळही हाती लागत नाही. त्यात गुरुवार हा दत्ताचा आणि साईबाबांचा वार; पुष्कळ घरांत त्या दिवशी सामिष नसते. सुट्टीच्या दिवशी घरी करायचा खास पदार्थ म्हणून या भागात पनीरने इतके घट्ट बस्तान बसवले, त्याला हा गुरुवारही कारण असावा, असा माझा तर्क आहे.

हॉटेलचे ताट तरी कुठले?

हॉटेलचा पदार्थ घरी आणणे म्हणजे परक्याची वस्तू घरात घेणे, असे आपण समजतो. वास्तविक यातले बहुतेक पदार्थ कोणाच्या ना कोणाच्या घरातूनच हॉटेलात गेलेले आहेत. इडली-डोसा हा दक्षिण कानडा किनाऱ्यावरच्या माणसांनी आपल्या घरांतून आणि देवळांतून मुंबई-पुण्याला आणला. पुण्यात जगन्नाथ शेट्टी यांच्या रूपाली-वैशालीने तो मध्यमवर्गाच्या जिभेवर बसवला आणि पुढे प्रत्येक उपनगरात एक तरी उडप्याचे हॉटेल निघाले. पिंपरी कॅम्पातले दाल-पकवान हा सिंधी घरांतला सकाळचा नाश्ता. कुरकुरीत तळलेला मैद्याचा पकवान, त्यावर हरभऱ्याची मऊ डाळ, चिंचेची चटणी आणि कांदा. घर गमावलेल्या माणसांनी घरचा नाश्ता गाडीवर मांडला आणि पोट भरले.

पंजाबी म्हणून आपण जे खातो त्याचीही कथा अशीच. फाळणीनंतर पेशावरहून दिल्लीला आलेल्या माणसांनी दर्यागंजात ‘मोती महल’ थाटले. तिथल्या बटर चिकनची सांगितली जाणारी जन्मकथा म्हणजे काटकसरीचीच कथा आहे : तंदुरात भाजून उरलेली कोंबडी कोरडी पडून वाया जाऊ नये, म्हणून ती टोमॅटो आणि लोण्याच्या रश्शात सोडली. हा शोध नेमका कोणाचा, यावरून 2024 साली दोन हॉटेलांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. शिळ्याचे ताजे करण्याच्या युक्तीवर हक्क सांगायला वकील लागावेत, हे पाहून फोडणीची पोळी करणाऱ्या आपल्या आज्यांना गंमत वाटली असती. आणि इंडो-चायनीज ज्याला म्हणतात त्यातले मंच्युरिअन 1975 साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वँग यांनी केले, असे मानले जाते. आले, लसूण, हिरवी मिरची ही आपली त्रयी आणि वर सोया सॉस.

तेव्हा घरी केलेले पनीर मखनी किंवा मसाला डोसा हा पदार्थाचा परतीचा प्रवास आहे. मात्र जाताना आणि येताना त्याची किंमत बदलते. घरातून हॉटेलात जाताना त्याच्या मेहनतीला दर लागतो. हॉटेलातून घरात येताना तो दर गळून पडतो.

हॉटेलवाल्याला ही मेहनत कशी आवरते, तेही पाहण्यासारखे आहे. भटारखान्यात प्रत्येक भाजी मुळापासून होत नाही. कांदा-टोमॅटोची लाल, कांद्याची पिवळी आणि काजू-मगजची पांढरी अशा दोन-तीन ग्रेव्ह्या सकाळीच मोठ्या पातेल्यांत तयार असतात. ऑर्डर आली की त्यांची कमीअधिक सरमिसळ होते, वर लोणी, साय, कसुरी मेथी पडते आणि दहा मिनिटांत ‘कढाई’, ‘मखनी’, ‘कोल्हापुरी’ अशी वेगवेगळी नावे घेऊन ताटल्या बाहेर येतात. सकाळची मेहनत शंभर ताटांत वाटली जाते. घरात तीच मेहनत चार ताटांवर पडते. घरी केलेला पदार्थ स्वस्त का पडतो हे विचारण्याऐवजी, एवढी तोट्याची पद्धत असूनही तो स्वस्त कसा पडतो, हे विचारायला हवे.

यंत्र, पुस्तक, पाकीट

डोसा घरी करायचा तर पूर्वी रगडा लागे. भिजवलेले तांदूळ आणि उडीद डाळ दगडावर वाटायला तासभर जाई आणि खांदे भरून येत. प्रेशर कुकर 1959 च्या सुमारास भारतात बनू लागला, आणि 1960 च्या दशकात आलेल्या ‘सुमीत’सारख्या मिक्सरने ओले-सुके वाटण विजेवर आणले. बोनस मिळाला की मिक्सर घ्यायचा, हा कारखान्यातल्या घरांचा बेत असे. गॅसच्या जोडणीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. तोवर रॉकेलचा स्टोव्ह. कुकरमध्ये पावभाजीचा बटाटा-फ्लॉवर-मटार एकदम शिजू लागले आणि गाडीवरच्या मोठ्या तव्याचे निम्मे काम शिट्टीने केले.

दुसरी मदत पुस्तकाची. 1970 साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाले. सासू-आईपासून दूर येऊन दोन खोल्यांत संसार मांडलेल्या मुलीला ‘अंदाजाने मीठ’ म्हणजे काय ते कळत नसे. या पुस्तकाने वाटी-चमच्याचे माप हाती दिले. गाव सोडून आलेल्या माणसांच्या वसाहतीत अशा मापाचे मोल मोठे होते. पुढे 1993 पासून दूरचित्रवाणीवर संजीव कपूर यांचे ‘खाना खजाना’ आले आणि हॉटेलातला आचारीच घरात येऊन ‘असे करा’ म्हणू लागला. आज ते काम मोबाइलवर होते. मधुरा बाचल यांच्यासारख्या मराठीत पाककृती सांगणाऱ्यांचा प्रेक्षक जगभर आहे.

तिसरी मदत पाकिटाची, आणि ती पुण्याच्याच उंबरठ्यावरून आली. 1962 साली हुकमीचंद चोरडिया यांनी पुण्यात प्रवीण मसाल्यांचा व्यवसाय सुरू केला. 1963 साली पुण्यातच ‘गिट्स’ची सुरुवात झाली आणि इडली-डोसा-गुलाबजामची तयार पिठे दुकानात दिसू लागली. पावभाजीचा, छोल्यांचा, बिर्याणीचा मसाला पाकिटात मिळू लागला. धणे-जिरे भाजणे, कुटणे, चाळणे ही मेहनत घरातून बाहेर गेली.

या तिन्ही मदतींकडे हिशेबाच्या नजरेने पाहिले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. मिक्सरला किंमत होती, पुस्तकाला होती, पाकिटाला होती. मेहनतीचा जो तुकडा घरातून बाजारात गेला त्याला लगेच दर लागला. जो तुकडा घरात उरला, म्हणजे निवडणे, चिरणे, परतणे, वाढणे, ओटा पुसणे, भांडी घासणे, तो पूर्वीसारखाच बिनदराचा राहिला.

एका गुरुवारचा हिशेब

मोघम बोलण्यापेक्षा आकडे मांडावेत. सध्याच्या भावाने चार माणसांच्या जेवणाचा एक अंदाज मी केला आहे. भाव दुकानागणिक आणि ऋतूगणिक बदलतात. टोमॅटोचा तर भरवसाच नसतो. तरी प्रमाण कळायला हरकत नाही.

मध्यम हॉटेलात पनीर बटर मसाल्याच्या दोन प्लेट प्रत्येकी 280 रुपयांप्रमाणे 560, दहा रोट्या 25 रुपयांप्रमाणे 250 आणि एक जिरा राइस 180, असे 990 रुपये झाले. त्यावर पाच टक्के जीएसटी धरला की बिल 1,040 च्या घरात जाते. टिप आणि पेट्रोल वेगळे.

घरी : पाव किलो पनीर 110, अर्धा किलो टोमॅटो 20, कांदे 10, काजू 25, लोणी 35, साय 25, आले-लसूण-मसाला-कसुरी मेथी 20, कणीक 25, तांदूळ 25, जिरे-तूप 15, गॅस 15. एकूण 325 रुपये. पनीरही घरीच करायचे म्हटले तर म्हशीच्या लिटरभर दुधातून साधारण दोनशे ग्रॅम निघते. पैशांत फारसा फरक पडत नाही, मेहनत मात्र वाढते.

बचत झाली 715 रुपयांची. महिन्यातून दोनदा केले तर चौदाशे तीस. कंत्राटी पगारावरच्या घरात ही रक्कम मुलाच्या वह्या-पुस्तकांची किंवा विजेच्या बिलाची असते. तिला कोणी हसू नये.

आता दुसरी बाजू. सामान आणणे, कांदा-टोमॅटो परतून वाटणे, गाळणे, पोळ्या, भात, वाढणे आणि शेवटी तेलकट भांड्यांचा ढीग, हे मिळून तीन तास सहज जातात. 715 भागिले तीन म्हणजे तासाला सुमारे 238 रुपये. आठ तासांच्या पाळीला गुणून पाहिले तर दिवसाचे एकोणीसशे रुपये होतात. या दराने रोजंदारी मिळणारे कामगार या पट्ट्यात किती आहेत, ते वाचकांनीच आठवून पाहावे.

हे सूत्र एकदा दिसले की ‘बचत’ हा शब्द अपुरा वाटू लागतो. 325 रुपयांचा शिधा 1,040 रुपयांच्या ताटाजोगा झाला, तो ओट्याशी उभ्या राहिलेल्या माणसामुळे. मधली रक्कम ही त्या माणसाची कमाई आहे. आपण ती कुटुंबाच्या बचतीच्या खात्यात जमा करतो आणि कमावणाऱ्याचे नाव लिहीत नाही. हॉटेलधंद्यात कच्च्या मालाचा वाटा विक्रीच्या साधारण एक तृतीयांश धरतात. आमचा 325 चा आकडा त्याच्या जवळपास येतो, हा योगायोग म्हणता येणार नाही. उरलेल्या दोन तृतीयांशांत भाडे, पगार, वीज आणि नफा असतो. घर हॉटेलवाल्याला देत नाही ते हेच.

ज्यांनी दर लावून पाहिला

या मेहनतीला दर लावण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. मुंबईच्या गिरणगावात एकटे राहणारे कामगार खाणावळीत जेवत. ती खाणावळ म्हणजे बहुधा एखाद्या बाईची दहा बाय दहाची खोली. पगार होईपर्यंत शिधा उधारीवर आणायचा, सावकाराचे व्याज भरायचे आणि वीस-वीस माणसांची ताटे मांडायची. 1975 साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि त्यांना बँकांकडून कर्ज मिळवून दिले. बँकेच्या कागदावर ‘व्यवसाय’ या रकान्यात स्वयंपाक लिहिला गेला, ही साधी गोष्ट नव्हती.

न्यायालयांपुढेही हा प्रश्न आला, आणि तो एका कारखान्याच्या गावातूनच आला. 3 मार्च 1989 रोजी जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात, जमशेटजींच्या दीडशेव्या जयंतीच्या समारंभात मांडवाला आग लागली. मृतांत स्त्रिया आणि मुले होती. ज्या गृहिणी गेल्या त्यांची भरपाई कशी मोजायची? त्यांना तर पगार नव्हता. 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या घरातल्या सेवेचे मोल, अगदी बेताने धरले तरी, महिना 3,000 रुपये मानले. पुढे 5 जानेवारी 2021 च्या एका निकालात न्यायमूर्ती एन. व्ही. रमणा यांनी गृहिणीचे काल्पनिक उत्पन्न धरण्यामागची भूमिका सविस्तर मांडली. त्यात त्यांनी केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणाचा आधार घेतला. त्या सर्वेक्षणानुसार घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी 299 मिनिटे त्यात घालवतात आणि ती करणारे पुरुष 97 मिनिटे. पुन्हा ही कामे करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत 81.2 टक्के, तर पुरुषांत 26.1 टक्के. 2024 च्या सर्वेक्षणात हीच मिनिटे 289 आणि 88 झाली. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली. पुरुषाची नऊ वाचली.

या मोलाची नोंद होते ती अपघाताच्या भरपाईत, माणूस गेल्यावर. जिवंतपणी तिची नोंद होण्याची एक वाट पिंपरी-चिंचवडमध्ये दिसते, ती पोळी-भाजी केंद्राची. निगडी-प्राधिकरणापासून वाकड-हिंजवडीपर्यंत ही केंद्रे गल्लोगल्ली आहेत. पोळीला नगावर दर, भाजीला पावाच्या मापावर दर. त्यातून एक उलटापालट झाली आहे. 1970 च्या सुमाराला पोळी घरची असे आणि डोसा हॉटेलचा. आज नवरा-बायको दोघेही नोकरी करतात त्या घरात रोजची पोळी केंद्रातून येते किंवा स्वयंपाकाच्या मावशी करून जातात, आणि सुट्टीच्या दिवशी घरची मंडळी हॉटेलचे पनीर किंवा पिझ्झा करायला ओट्याशी उभी राहतात. जे कंटाळवाणे ते पैसे देऊन बाहेर गेले. जे हौसेचे ते घरात आले. हौसेच्या कामात पुरुषही दिसू लागले. 2020 च्या टाळेबंदीत, मार्चअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत हॉटेलात बसून जेवणे बंद होते, तेव्हा तर घरोघरचे बाबा नान आणि मंच्युरिअन करत होते. त्या काळात भांडी कोण घासत होते, हे ज्याने त्याने आपल्या घरापुरते आठवावे.

चाकणच्या खोल्या

पुढचा अध्याय चाकणचा आहे. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे हे गाव या शतकाच्या सुरुवातीपासून वाहनउद्योगाचे झाले. बजाज होतीच, 2009 साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, त्याच सुमारास मर्सिडीज-बेंझ पिंपरीहून इथे हलली, पुढच्या वर्षी महिंद्राचा कारखाना आला. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, निघोजे या गावांत शेताच्या बांधावर खोल्यांच्या रांगा उठल्या. त्यांत राहतात ते मराठवाडा-विदर्भातले आयटीआय झालेले तरुण, बिहार-उत्तर प्रदेश-झारखंडमधून आलेले मुलगे, कोणी शिकाऊ, कोणी कंत्राटी. मोठ्या कारखान्यात काम असेल तर एक वेळ कँटीनचे ताट मिळते. कंत्राटी कामगारांसाठीही 1970 च्या कायद्यात शंभर माणसांमागे कँटीनची तरतूद होती. पण सुटे भाग करणाऱ्या तीस-चाळीस माणसांच्या शेडमध्ये कोणताच आकडा पुरा होत नाही. तिथे डबा, मेस किंवा हमरस्त्यावरचा ढाबा.

या खोल्यांत घरचे हॉटेल वेगळ्या तऱ्हेने चालते. चार-पाच जण, एक छोटा सिलिंडर, एक कुकर, एक कढई. रोज वरण-भात, अंडा भुर्जी. पगाराच्या आठवड्यात चिकन. आणि महिन्यातून एकदा बिर्याणी, जी ढाब्यावर माणशी दोनशेला पडते ती इथे निम्म्याच्या आत. कृती मोबाइलवर, कांदा चाकणच्या बाजारातला. खर्चाची ‘कॉन्ट्री’ निघते. मी पाहिलेल्या काही खोल्यांत कॉन्ट्रीचा कागद भिंतीवर चिकटवलेला असे. त्यात तेल, तांदूळ, चिकन, गॅस यांच्या रकमा असतात, आणि शेजारी पाळ्या लिहिलेल्या असतात : आज कोण रांधणार, कोण भांडी घासणार, कोण पाणी भरणार. जो रांधतो त्याला भांडी माफ. ज्याची रात्रपाळी, त्याची पाळी दुसऱ्याने घ्यायची आणि तो उधार समजायचा. एखाद्याच्या हाताला चांगली चव असेल तर बिर्याणी नेहमी त्यालाच सांगतात आणि त्या दिवशीची त्याची कॉन्ट्री घेत नाहीत.

पाकशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत, ‘रुचिरा’त किंवा दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमांत न सापडलेला हिशेब मला या कागदांवर सापडला. रांधण्याची मेहनत शिध्याच्या शेजारी लिहिलेली, आणि तिची फेड ठरलेली. यामागे काही मोठा विचार आहे असे नाही. खोलीत बाई नाही, प्रत्येकजण पाळी करून दमून येतो, आणि फुकट राबायला कोणीच तयार नाही. त्या अडचणीतून हा न्याय निघाला आहे. कलम 46 ने ज्याची जबाबदारी मालकावर टाकली, ती इथे पाचांनी आपसांत वाटून घेतली.

हे मुलगे कायम खोलीत राहणार नाहीत. कोणी कायम होईल, लग्न करील, मोशीला किंवा चिखलीला एक खोली-स्वयंपाकघर घेईल. गुरुवारी घरात पनीर होईल, महिन्यातून एकदा बिर्याणीही होईल आणि हॉटेलपेक्षा ते स्वस्तच पडेल. भिंतीवरचा तो कागद नव्या घरात त्यांच्याबरोबर जातो की खोली सोडताना फाडून टाकला जातो, यावर त्या घरातल्या बचतीचे खरे नाव ठरेल.